चौथरा आणि वेदी

शनिशिंगणापूर आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर आहे. लहानपणी आम्ही ख्रिस्ती मुले हिंदू सवंगड्यांबरोबर तेथे जात असू. जात असू ते देवदर्शनासाठी नव्हे. दारे नसलेली घरे पाहावीत आणि यात्रेतली गोडीशेव खावी, एवढाच हेतू. घरी परतल्यावर आई हटकून विचारी, "चौथऱ्याला शिवला नाहीस ना रे?" नाही म्हटले की तिचा जीव भांड्यात पडे. तिला भीती पापाची होती की गावाची, हे मला त्या वयात कळले नाही. पुढे कळले तेव्हा विचारायला ती उरली नव्हती.

शिंगणापूरचा देव चार भिंतींत राहत नाही. उघड्यावर एक चौथरा आणि त्यावर उभी काळी शिळा. माथ्यावर छप्पर नाही. गावातल्या घरांना कवाडे नाहीत, कारण राखण शनिदेवाची. २०११ साली तेथे एका बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठी छायाचित्रे छापली होती. ज्या गावाने आपल्या दारांना कडी लावली नाही, त्या गावात स्त्रीला मात्र चौथऱ्याच्या पायरीशी थांबावे लागे. पुरुष स्नान करून ओलेत्याने वर जात, तेल वाहत. बायका खालून हात जोडत.

खरे सांगायचे तर या गोष्टीचे मला कधी नवल वाटले नव्हते. आमच्या देवळात तरी वेगळे काय होते? डाव्या बाजूला बाया, उजव्या बाजूला गडी. वेदीपुढच्या लाकडी कठड्याच्या आत फादर, वेदीसेवक मुलगे आणि क्वचित मास्तर. सणाच्या आदल्या दिवशी शेणाने अंगण सारवणाऱ्या, वेदीवरची वस्त्रे धुऊन इस्त्री करणाऱ्या, मेणबत्त्यांचे ओघळ खरवडून काढणाऱ्या बाया त्या कठड्याच्या आत जात, पण मिस्सा सुरू होण्यापूर्वी. घंटा झाली की त्या बाहेर.

नोव्हेंबर २०१५ च्या अखेरीस एक तरुणी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर चढली, तेल वाहून उतरली आणि गर्दीत मिसळून गेली. दुसऱ्या दिवशी शिळेला दुधाचा अभिषेक करून शुद्धी करण्यात आली आणि पहाऱ्यावरच्या कर्मचाऱ्यांना निलंबित करण्यात आले. मग २६ जानेवारी २०१६ रोजी तृप्ती देसाई यांच्या नेतृत्वाखाली शेकडो स्त्रिया पुण्याहून निघाल्या, त्यांना पोलिसांनी पारनेर तालुक्यात सुप्याजवळ अडवले. शिंगणापुरातही त्यांच्या वाटेवर उभ्या होत्या त्या पुष्कळशा बायकाच, गावातल्या आणि आसपासच्या. त्याच महिन्यात देवस्थानाच्या अध्यक्षपदी इतिहासात प्रथमच एक स्त्री निवडून आली होती, तरी चौथऱ्याचा नियम हलला नाही.

त्या दिवसांत मी मोठ्या आवेशात होतो. निवृत्त शिक्षक, हाताशी वेळ भरपूर. एस. टी. स्टँडावरच्या चहाच्या टपरीत वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मध्येमध्ये टिपणी करायची, हा माझा परिपाठ. मी सांगत असे, की हा प्रश्न काही आजचा नाही. २००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू ही मंडळी याच चौथऱ्यासाठी सत्याग्रहाला निघाली होती आणि त्यांना अटक झाली होती. हेही सांगत असे, की हा चौथरा ज्या नेवासे तालुक्यात आहे त्याच नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, आणि तेही वाळीत टाकलेल्या आईबापांचे लेकरू. ज्या जिल्ह्यातल्या चौंडी गावी अहिल्याबाई जन्मल्या, जिने विधवा असून अठ्ठावीस वर्षे माळव्याचे राज्य चालवले आणि काशीपर्यंत देवळे बांधली, तिच्या लेकींना देवाच्या पायरीशी थांबवायचे? (जिल्ह्याला तिचे नाव २०२४ मध्ये मिळाले. तेव्हा आम्ही नगरकरच होतो.) लोक ऐकत, माना डोलवत. कोणी म्हणे, "गुरुजी, तुमचं बरोबर आहे." मला ते आवडे.

आमचे शेजारी अण्णा मात्र गप्प बसत. अण्णा माळकरी नाहीत, पण दर गुढीपाडव्याला प्रवरासंगमाहून कावडीने गंगेचे पाणी आणून शनिदेवाला घालणाऱ्यांपैकी आहेत. (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.) चाळीस वर्षे आमच्या आणि त्यांच्या बांधाला बांध लागून आहे. नाताळचा फराळ त्यांच्या घरी आणि दिवाळीचा आमच्या घरी न चुकता पोहोचतो. एकदा ते एवढेच म्हणाले, "तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला बोलाय सोपं." मी ते हसण्यावारी नेले.

आता आमच्या देवळाकडे वळतो. त्याच जानेवारीत, ६ तारखेच्या हुकूमनाम्याने, पोप फ्रान्सिस यांनी पवित्र गुरुवारच्या विधीतला एक शब्द बदलला होता. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळच्या मिस्सात धर्मगुरू काही जणांचे पाय धुतात. नियमात तोवर 'निवडलेले पुरुष' असे म्हटलेले होते. आता देवाच्या प्रजेतून कोणीही निवडावे असे ठरले: स्त्री, पुरुष, तरुण, म्हातारे, आजारी, धडधाकट. पोप महोदयांनी स्वतः २०१३ मध्येच रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात मुलींचे पाय धुतले होते, आणि त्यांत एक मुसलमान मुलगी होती.

आमच्याकडे त्या वर्षी एक तरुण साहाय्यक फादर होते. उपवासकाळातल्या एका रविवारी मिस्सानंतर त्यांनी पॅरिश कौन्सिलची बैठक बोलावली आणि म्हणाले, "यंदा बारांत सहा भगिनी घेऊ या." नावेही त्यांनी सुचवली. त्यांत पहिले नाव होते देवळाची झाडलोट करणाऱ्या मावशींचे. मावशी विधवा, वय सत्तरीच्या पुढे. साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीला जाऊन त्यांनी तीन मुले वाढवली. माझ्या आठवणीत तरी देवळाची पहिली घंटा त्यांच्याशिवाय कोणी वाजवलेली नाही. दुसरे नाव माझ्या पत्नीचे होते.

बैठकीत चौघांनी विरोध केला. मुद्दे नेहमीचे. बाईच्या पायाला फादरांनी हात लावायचा, हे बरे दिसते का? गावातले लोक खिडकीतून पाहतात, ते काय म्हणतील? शिष्य पुरुष होते, मग बाया कशा? आणि शेवटी सर्वांत जड शब्द: परंपरा. बाकीचे आठ-दहा जण जमिनीकडे पाहत होते. ते विरोधात नव्हते, बाजूनेही नव्हते. फादरांनी माझ्याकडे पाहिले. शिक्षक माणूस, रोज चहाच्या टपरीत स्त्रियांच्या हक्कावर बोलणारा. त्यांची अपेक्षा चुकीची नव्हती.

मी बोललो. म्हणालो, "फादर, तुमचा विचार उत्तम आहे. पण वेळ योग्य नाही. आधीच आपण मूठभर, त्यात आपसात दुफळी नको. माझ्या मते यंदा हा विधीच वगळावा. नियमाप्रमाणे तो ऐच्छिक आहे. बायांचेही नको, पुरुषांचेही नको. कोणाचाच अपमान नाही."

सगळ्यांचे चेहरे उजळले. एक वडीलधारे म्हणाले, गुरुजींनी काय तोडगा काढला! फादर तेवढे गप्प झाले. २४ मार्चच्या संध्याकाळी आमच्या देवळात कोणाचेही पाय धुतले गेले नाहीत. परडी, तांब्या, परात आणि टॉवेल साक्रिस्तीच्या कपाटात तसेच राहिले. घरी आल्यावर पत्नीने विचारले, "अहो, माझं नाव होतं म्हणे?" मी म्हणालो, "होतं." ती पुढे काही बोलली नाही. ताट वाढले आणि आत गेली.

पुढचे सगळे आठवड्याभरात घडले. ज्येष्ठ कार्यकर्त्या विद्या बाळ आणि अ‍ॅड. नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. मुख्य न्यायमूर्ती डी. एच. वाघेला आणि न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांच्यापुढे ती चालली. १ एप्रिलला न्यायालयाने सांगितले, की जेथे पुरुषाला जाता येते तेथे स्त्रीलाही जाता आले पाहिजे, आणि ते पाहणे शासनाचे कर्तव्य आहे. यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. सार्वजनिक हिंदू मंदिरांत कोणाला अडवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद सांगणारा कायदा आपल्या राज्यात १९५६ पासूनच होता. साठ वर्षे तो कागदावर पडून होता आणि साठ वर्षांत सर्व रंगांची सरकारे येऊन गेली.

आणि मग देवस्थानाच्या विश्वस्तांनी तोडगा काढला. चौथरा पुरुषांनाही बंद. बायांनाही नको, पुरुषांनाही नको. कोणाचाच अपमान नाही.

ती बातमी मी टपरीत नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतली आणि मधेच थांबलो. डोळ्यांना चष्मा लागत नाही असे काहीतरी सांगून पेपर दुसऱ्याच्या हाती दिला. वाक्य माझे होते. शब्दसुद्धा जवळजवळ तेच होते.

८ एप्रिलला गुढीपाडवा. कावडी घेऊन आलेल्या गावकऱ्यांनी बंदी न जुमानता चौथऱ्यावर चढून पाणी घातले. त्यांत अण्णाही होते. पुरुष चढले म्हटल्यावर बायांना अडवायला कारण उरले नाही, आणि त्याच दिवशी विश्वस्तांनी सर्वांना प्रवेश जाहीर केला. संध्याकाळी अण्णा ओसरीवर येऊन बसले. पायांना प्रवरासंगमापासूनच्या वाटेची धूळ होती.

"गुरुजी, बाया चढल्या आज."

"मग? शनिदेव उठून गेले का?"

"न्हाई. हायेत तिथंच." अण्णा हसले. मग थोडे थांबून म्हणाले, "एक इचारू का? तुमच्यात बाया करत्यात का पूजा? आत, तिथं, फादरच्या जागी?"

मी म्हणालो, "अण्णा, आमचे वेगळे आहे."

अण्णांनी मान हलवली. "आमच्यातले बी हेच म्हणत व्हते," एवढे बोलून ते चहाची वाट पाहू लागले.

वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. धर्मगुरुपदाची दीक्षा स्त्रियांना का नाही, याविषयी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये निर्णायक भूमिका मांडली आहे आणि त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. त्याच वर्षी मुलींना वेदीसेवक होण्याची मुभा मिळाली, हेही खरे. आमच्या गावी ती मुभा पोहोचायला आणखी किती वर्षे लागली, हे न मोजलेले बरे. पण अण्णांच्या प्रश्नाने मला टोचले ते दीक्षेचे नव्हते. माझ्याकडे रोमहून परवानगी आलेली होती. ती नाकारली आम्ही, गावच्या बैठकीत बसून, रोमपेक्षाही कर्मठ होऊन. आणि परंपरा म्हणजे तरी किती जुनी? नंतर वाचताना कळले, की गावोगावच्या देवळांत पवित्र गुरुवारच्या मिस्सात पाय धुण्याची पद्धत पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये पवित्र सप्ताहाच्या विधींत सुधारणा केल्या तेव्हापासूनची आहे. म्हणजे त्या बैठकीत विरोध करणाऱ्या वडीलधाऱ्यांचे वय त्यांच्या परंपरेपेक्षा जास्त होते. मराठीत मिस्सा सुरू झाला तेव्हा हीच पिढी, किंवा हिचे आईबाप, लॅटिन गेले म्हणून हळहळत होते. मला आठवते, माझी आजी म्हणाली होती, "आता देवाला कळेल का?"

आमच्याच घरात असे होते, असे नाही. केरळात सिरो-मलबार चर्चने २०१७ मध्ये, आपली उपासनापद्धती पौर्वात्य आहे असे सांगून, पुरुष व मुलग्यांचेच पाय धुण्याची रीत कायम ठेवली. तेथील चर्चला तसे ठरवण्याचा अधिकार आहे. परंतु 'आमचे वेगळे आहे' या तीन शब्दांच्या परिवाराचा आवाका किती मोठा आहे, हे मला त्या बातमीने कळले. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यातही विश्वस्तांनी हेच म्हटले होते. स्त्रियांना आतल्या मजारीपर्यंत जाण्यास घातलेली बंदी अगदी अलीकडची होती, तरी तिला जुनेपणाचा मुलामा देण्यात आला होता. उच्च न्यायालयाने तीही २०१६ च्याच ऑगस्टमध्ये उठवली. एका वर्षात तीन धर्म, तीन उंबरे आणि एकच वाक्य.

माझ्या मते राजकारणाचा संबंध येतो तो येथे. धर्म राजकारणात येतो म्हणजे झेंडे, भगव्या-हिरव्या टोप्या आणि ध्वनिक्षेपक, असे आपण समजतो. ते दिसते म्हणून. पण निवडून येणारा माणूस ध्वनिक्षेपकापेक्षा बैठकीत जमिनीकडे पाहणाऱ्या आठ-दहा जणांचा हिशेब जास्त करतो. चौघे ओरडले आणि दहा गप्प राहिले, तर त्याच्या वहीत चौदा विरोधात लागतात. १९५६ चा कायदा साठ वर्षे झोपला तो याच हिशेबावर. जादूटोणाविरोधी कायदा तर विधिमंडळात वर्षानुवर्षे रखडला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला तेव्हा कुठे चार दिवसांत वटहुकूम निघाला. शबरीमलाच्या बाबतीत २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला त्या दिवशी ज्यांनी स्वागत केले, त्यांतले मोठमोठे पक्ष पुढच्या काही आठवड्यांत भक्तांच्या भावनांची भाषा बोलू लागले. कोणी मत बदलले नव्हते. मोजदाद बदलली होती.

आपल्या समाजाच्या वाट्यालाही ही मोजदाद आली आहे. ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्यानुसार नवऱ्याने बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, पण बायकोला नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. स्वातंत्र्यानंतर अर्धे शतक सरकारे सांगत राहिली, की हा त्या समाजाचा अंतर्गत प्रश्न आहे, त्यांच्यात एकमत झाले की पाहू. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ते कलम विषम ठरवले आणि २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. त्यापूर्वी केरळात मेरी रॉय यांनी वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा समान वाटा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिळवला, तेव्हा तेथील चर्चमधून आणि राजकारणातून केवढा गहजब झाला! घटस्फोट चर्चला मान्य नाही, हे मी जाणतो. पण मारहाणीने पिचलेली एखादी बहीण न्यायालयाच्या पायरीवर उभी असता तिच्यासाठी एक माप आणि तिच्या नवऱ्यासाठी दुसरे, हे तर कोणत्याच धर्मशास्त्रात बसत नव्हते. तरी आपण एकमत होण्याची वाट पाहिली.

आपण असे का वागतो, याचे उत्तर मला पूर्ण ठाऊक नाही. एक कारण मात्र मी जवळून पाहिले आहे, आणि ते भय आहे. नगर जिल्ह्यातले बहुतेक कॅथलिक कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन येशूसंघीय फादर आले त्यानंतर ख्रिस्ती झाले, आणि ते गावकुसाबाहेरचे होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना त्यांत घेतले गेले. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. २००७ च्या रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी असे सांगितले, तो अहवाल बासनात गेला. याचा परिणाम मी वर्गशिक्षक म्हणून पाहिला. शाळेच्या नोंदवहीत एक धर्म, देवळाच्या नोंदवहीत दुसरा. दाखल्यासाठी आलेला बाप माझ्या टेबलाशी आवाज खाली करून बोले. रविवारी मिस्साला शेजारी गुडघे टेकणारा माणूस सोमवारी शाळेत मला ओळख दाखवत नसे, आणि मी त्याला दोष देऊ शकत नव्हतो.

अशा समाजाला बाहेरून टोचणी लागली की तो आत वळतो, आणि आत वळला की सर्वांत कर्मठ माणसाच्या हाती किल्ल्या देतो. कारण तो माणूस निदान ठाम असतो. 'आत्ता नको, आधीच आपल्यावर डोळा आहे', हे वाक्य मी माझ्या आयुष्यात शंभर वेळा ऐकले आणि २०१६ मध्ये स्वतः उच्चारले. भय खोटे नव्हते. पण त्या भयाची किंमत फादरांनी दिली नाही, मी दिली नाही, विरोध करणाऱ्या चौघांनीही दिली नाही. ती मावशींच्या खात्यावर मांडली गेली.

येथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येते. त्या आपल्यातल्या कॅथलिक नव्हत्या, पण नगर आणि राहुरी ही त्यांचीही गावे. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला तरी पुढे पाच वर्षे त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. पतीकडे राहायला आल्यावरही सोवळे, वेगळे पाणी, वेगळी चूल सांभाळली. मग एकेक करून ते सुटत गेले, कोणत्याही न्यायालयाच्या हुकमाविना. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला त्यांचा तो झगडा हसवतो, पण ज्याने घरात अशी एखादी रेघ ओढलेली आहे त्याला तितके हसू येत नाही. नगरातच सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि १८४८ मध्ये त्यांनी आपली शाळा काढली, हा इतिहास आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. मीही पुष्कळदा सांगितला आहे.

शिंगणापूरची गोष्ट चौथऱ्यावर संपली नाही. २०२५ च्या जूनमध्ये देवस्थानाने १६७ कर्मचाऱ्यांना कामावरून काढले, त्यांत ११४ मुसलमान होते. काही हिंदुत्ववादी संघटनांनी मोर्चाचा इशारा दिल्यानंतरचा हा निर्णय. देवस्थानाने कारण दिले ते गैरहजेरीचे आणि बेशिस्तीचे. त्याच वर्षी फेब्रुवारीत पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत असा ठराव केला. मढीच्या कानिफनाथांना मुसलमान शाह रमजान म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहेत. प्रशासनाने तो ठराव चालू दिला नाही, पण ठराव झाला हे उरलेच. ज्या बोटाने २०१५ मध्ये बाईला पायरीशी थांबवले, तेच बोट आता आणखी कोणाकडे वळले होते.

मढीची बातमी आली त्यानंतर आमच्या गावच्या सणाच्या तयारीची बैठक होती. एक तरुण, तसा कामाचा मुलगा, उठून म्हणाला, "आपणही ठरवू या. आपल्या सणात दुकाने आपल्याच लोकांची. नाहीतरी ते आपल्याला कुठे विचारतात?" बैठकीत पुन्हा शांतता. पुन्हा माना खाली. मला हरेगावच्या मतमाउलीची यात्रा आठवली. सप्टेंबरात तेथे मरियेच्या पायाशी नवस फेडायला येणाऱ्यांत हिंदू बाया किती असतात, ते यात्रेला गेलेल्याला सांगायला नको. त्यांना कोणी बाप्तिस्म्याचा दाखला विचारत नाही. आमच्या सणाला बांगड्यांची पाल टाकणारा मणेर तर माझ्या बहिणीच्या लग्नापासून येतो आहे.

यावेळी मी तोडगा काढला नाही. मी एवढेच म्हणालो, की असा ठराव करायचा असेल तर माझे नाव कौन्सिलातून काढा आणि विरोधात लिहा. आवाज कापत होता, हे कबूल करतो. वय झाले आहे. चहाच्या टपरीत बोलणे आणि आपल्या माणसांत बोलणे, यात अण्णा म्हणाले होते तसा फरक आहे. माझ्यामागून मास्तर बोलले, मग दोन भगिनी बोलल्या. ठराव मांडला गेला नाही. तो तरुण माझ्यावर काही दिवस रुसला होता. सणाच्या दिवशी त्याच मणेराच्या पालापुढे तो बायकोला घेऊन उभा असलेला मी पाहिला, पण मुद्दाम तिकडे गेलो नाही.

आणि मावशी. २०१८ च्या उपवासकाळात आमच्याकडे नवे फादर आले होते. त्यांनी बैठक घेतलीच नाही. पवित्र गुरुवारच्या आधीच्या रविवारी त्यांनी वेदीवरून बारा नावे वाचली, त्यांत सहा स्त्रिया. कोणी काही बोलले नाही. इतक्या सोप्या रीतीने ते झाले, की मला लाज वाटली. माझ्या पत्नीचेही नाव होते. ती म्हणाली, "आता गुडघे दुखतात, बाकावर बसून उठवत नाही, दुसरं कोणी घ्या." तिने सांगितलेले कारण मी खरे मानले. अजूनही मानतो.

त्या दुपारी काही कामासाठी मी लवकर देवळात गेलो. मागच्या नळाशी मावशी बसल्या होत्या. लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले आणि हातात वजरी. टाचांच्या भेगा त्या घासघासून काढत होत्या. इतक्या जोराने, की एका भेगेतून रक्त आले होते.

मी म्हणालो, "मावशी, फादर धुणारच आहेत की."

"तसे घाण पाय फादरपुढं धरायचे व्हय, गुरुजी?" त्यांनी वर न पाहता उत्तर दिले.

संध्याकाळी बारा जण बाकावर बसले. मावशी टोकाला. फादर एकेकापुढे गुडघे टेकत आले. मावशींचा पाय परातीत धरला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पदर तोंडाशी नेला. फादरांनी टॉवेलाने पाय पुसला, ओठ टेकवले आणि पुढे सरकले. मावशी तशाच बसून राहिल्या. कोणीतरी खूण केली तेव्हा उठल्या.

मिस्सा संपल्यावर लोक रात्रीच्या आराधनेसाठी बाजूच्या वेदीकडे निघाले. बाकापुढे फरशीवर पाणी सांडले होते. मावशी कठड्याच्या आत आल्या, फडके घेतले आणि खाली बसून पुसू लागल्या. मी तेथेच उभा होतो.

"सरका जरा, गुरुजी," त्या म्हणाल्या. "पाय घसरंल."